वाडीचे नापास फोन

तो तक्ता मी केला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढं ज्यांच्यावर तोंड सोडणार आहे त्यांनी असं म्हणायला नको की ही बाई सगळ्या जगाचा उद्धार करते आणि स्वतःला तेवढं वगळते. तक्ता माझा, त्यातली चूकही माझी. त्या चुकीवर समाधानानं मान डोलावणारे लोक मात्र माझे नव्हते. ते प्रत्येक बैठकीत असतात.

जळकोट तालुक्यात डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की कुणाला तरी नोटीस येते. त्या वाडीत कुठल्याच कंपनीची रेंज नाही. फोन घरोघरी आहेत, पण ते गाणी ऐकायला आणि टॉर्च म्हणून. खाली मोठ्या गावात उतरलं की ते जिवंत होतात. वाडीत कुणाला कळा सुरू झाल्या की तिथल्या आशाताई, म्हणजे गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या बाई, एखाद्या पोराला पायवाटेनं पळवायच्या. तो खाली जाऊन जीपवाल्याला शोधायचा. जीपवाला सापडला तर नशीब.

कंपनीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: लोकसंख्या कमी, परवडत नाही. ते पत्र मी वाचलंय. त्यात वाडीचं नाव चुकीचं लिहिलं होतं.

मी लातूरची. आमच्याकडं मुलगी जरा हुशार निघाली की तिला डॉक्टर करायचं घरात परस्पर ठरतं. मी शिकवणीला गेले, तिथून पत्रकं वाटणाऱ्यांत मिसळले, डॉक्टर व्हायचं राहिलं आणि इलेक्ट्रॉनिक्सची पदवी कशीबशी झाली. खरं शिक्षण छापखान्यात झालं. तिथल्या काकांनी मला सांगितलं होतं, "ताई, लोक स्टँडवर उभ्यानं वाचतात. गाडी लागली की कागद खाली. वरच्या ओळीत आकडा टाका, ठळक. आकडा दिसला की माणूस थांबतो." मी तेव्हापासून आकडा शोधायला लागले. पाण्याचं पत्रक असो की बसचं, आधी आकडा, मग बाकीचं. ही सवय पुढं मला चांगलीच नडली.

रेंजचं पत्रकही मीच लिहिलं. जळकोटच्या बसस्थानकावर वाटलं, निलंग्याच्या बाजारात वाटलं. त्यातलं एक कसं कोण जाणे नांदेडच्या एका कॉलेजात पोचलं आणि तिथल्या विभागप्रमुखांनी मला फोन करून बोलावून घेतलं.

"पत्रक तुम्ही लिहिलं?"

"हो. काही आक्षेप आहे का?" मी भांडायच्या तयारीनंच गेले होते.

"भाषा छान आहे. पण मेगाहर्ट्झच्या जागी किलोहर्ट्झ लिहिलंय. तुमच्या मागणीप्रमाणे टॉवर बसवला तर वाडीत आकाशवाणी लागेल."

मी त्यांच्याकडं कामाला लागले ती अशी. मनात राग धरूनच.

सरांच्या प्रयोगशाळेला एक छोटं मोबाइल नेटवर्क प्रयोगापुरतं चालवायची परवानगी मिळाली होती. अटी कडक होत्या. ताकद कमी, जागा ठरलेली, मुदत ठरलेली, आणि बाहेरच्या कुठल्याही फोनशी जोडणी नाही. आमचं सिम ज्यांच्याकडं असेल त्यांनी आपसात बोलायचं, बस्स. जागा म्हणून मी वाडी सुचवली. सर म्हणाले, "सुचवली कसली, तुम्ही ती टेबलावर आपटली." आपटली तर आपटली. वाडी घेतली गेली.

आता मोबाइल नेटवर्क म्हणजे नुसता टॉवर नसतो. त्याच्या मागं सॉफ्टवेअर बसलेलं असतं. कोण कुणाला फोन लावतंय, त्याचा फोन कुठं आहे, रिंग कधी वाजवायची, हे सगळं ते ठरवतं. कंपन्या ते कुलूपबंद डब्यात विकत घेतात. पण जगात असेही लोक आहेत ज्यांनी असलं सॉफ्टवेअर लिहून उघड्यावर ठेवलंय. घ्या, वाचा, बदला, चालवा. अशी दोन सॉफ्टवेअरं आम्ही निवडली आणि त्यातलं कुठलं आपल्या डोंगरात टिकतं ते तपासायचं ठरलं. त्यांची मूळ नावं लांबलचक, म्हणून आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली भारदस्त. तिच्याबरोबर पुस्तकभर सूचना, तिला मोठा संगणक लागायचा आणि वाडीतल्या सोलरवर तो चालत नव्हता, म्हणून जनरेटर वर चढवावा लागला. धाकटी मूठभर लोकांनी लिहिलेली, डब्याएवढ्या संगणकावर चालणारी, सोलरवर भागणारी.

एक पंधरवडा थोरली, एक पंधरवडा धाकटी. सिम वाडीतल्या लोकांना, खाली आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांना आणि जीपवाल्या मामांना दिली. सगळ्यांनी ती फोनच्या दुसऱ्या खाचेत घातली. हिशेब सरळ होता. धाकटी पास झाली तर आमच्या अँटेनाचा खांब वाडीतच राहणार आणि मुदत वाढवून मागता येणार. ती नापास झाली तर खांब उतरवून नांदेडला कॉलेजच्या गच्चीवर, कारण थोरलीसाठी रोज डोंगरावर डिझेल कोण चढवणार? वाडीला पुन्हा पायवाट आणि पळणारा पोरगा.

सॉफ्टवेअर प्रत्येक फोनची नोंद ठेवतं. मी त्या नोंदींवरून तक्ता काढणारी चार ओळींची आज्ञावली लिहिली. फोन उचलला गेला की पास. नाही उचलला की नापास. किती सोपं. वरच्या ओळीत टाकायला झकास आकडा.

थोरली दणक्यात पास झाली. धाकटीचे अर्ध्याहून जास्त फोन नापास.

सर म्हणाले, "वाईट वाटतं. पण खांब उतरवायची तारीख ठरवून टाकू." बैठकीत कुणी एक शब्द विचारला नाही. उलट एकानं समाधानानं सांगितलं, "फुकटातलं सॉफ्टवेअर शेवटी फुकटातलंच." मी त्याच्याशी भांडले. पण भांडत होते ते नुसत्या आवाजावर, कारण तक्ता त्याच्या बाजूनं होता आणि तक्ता माझाच होता.

दुसऱ्या दिवशी मी नोंदींची छापील थप्पी पिशवीत घालून कंधार-जांबमार्गे निघाले. मला वाटत होतं, कुठल्या तरी घरामागं रेंज अडत असेल, तेवढं शोधून काढू, खांब चार हात इकडं तिकडं हलवू. वाडीत पोचले तर आशाताई ओसरीवर गोळ्यांची पाकिटं लावत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघितलं.

"एकटीच आलीस? शिडी कुठाय?"

"कसली शिडी?"

"खांब न्यायला. मामा सांगायलते जीपमदी, नांदेडच्या लोकांनी खांब न्यायचं ठरवलं म्हणून."

"अजून नेला नाही. ताई, तुमचे फोन लागत नाहीत ना, त्यामुळं होतंय हे."

"कोण म्हणतंय लागत न्हाईत?"

मी कागद काढला. "हे बघा. सोमवारी सकाळी तुम्ही मामांना फोन लावला. गेला नाही. परत लावला. गेला नाही. मग सिस्टरांना दोनदा लावला. तोही गेला नाही."

आशाताईंनी चष्मा लावून कागद वाचला. बोट ठेवून, एकेक ओळ.

"सोमवारी शेजारच्या सुनंला नेलं की खाली. मामा जीप घेऊन आल्ते. सिस्टर दारात हुब्या होत्या. मंग हे काय फेल-फेल लिवलंय?"

"त्यांनी उचललाच नाही ना फोन."

"उचलायचा कशाला?"

मी कागदावरून मान वर केली.

"अगं माय, एक रिंग दिली म्हणजी जीप काढा. लगीच दुसरी दिली म्हणजी च्या पीत बसू नका. सिस्टरला दोन रिंगा म्हणजी निघालाव, खाट तयार ठिवा. एवढं साधं हाय."

"पण ताई, या सिमवर बोलायला पैसे पडत नाहीत. मिस कॉल द्यायची गरजच काय?"

"पैशाचं काय घिऊन बसलीस? मामा घाटात दोन्ही हातानं स्टेरिंग धरून असतेत. माझ्या खांद्यावर ती पोरगी, वरडायली. बोलत कोण बसंल?"

"मग बोलता तरी कधी?"

"बोलायचं असलं तर पुरी रिंग जाऊ देते. मंग त्यायला कळतंय, बाईचं कायतरी येगळं हाय. उचलतेत."

मी थप्पीतले थोरलीच्या पंधरवड्याचे कागद काढले. त्यात तर सगळेच फोन उचललेले होते. "मग जनरेटर होता तेव्हा तुम्ही सगळं बोलून का सांगत होता?"

"कारन त्याचा भरवसाच न्हवता. हिकडं माझ्या कानात टुर्र वाजायलंय अन् तिकडं त्यायच्या फोनला लई येळ पत्ता न्हाई. एक रिंग गेली का अर्धी गेली का गेलीच न्हाई, कसं कळावं? म्हणून बसायचं कानाला लावून, उचलेपत्तूर. लई बेकार होतं ते."

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

आशाताईंनी चष्मा काढला. "तू इचारलंस का? तू इचारायचीस, 'ताई, रेंजच्या किती दांड्या दिसायल्यात?' म्या दांड्या सांगत होते."

तेवढ्यात जीपवाले मामा वर आले. पन्नाशीचे, डोक्याला टॉवेल. कुणीतरी त्यांना आधीच गाठलं असणार.

"काय ओ मॅडम! आमचे मिस कॉल नापास केलाव म्हणं!"

"मामा, चूक झाली."

"आता काय म्हणावं. धाव्वीला मास्तरनं गणितात नापास केल्तं. आता तुमी रिंगा वाजवण्यात केलाव. पुढं हॉर्न वाजवण्यात करा म्हणजी झालं."

ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसले. मी तिथंच बसून नोंदी पुन्हा वाचल्या, आता ओळ न् ओळ. प्रत्येक नापास फोनच्या पुढं सॉफ्टवेअरनं इमानदारीनं लिहून ठेवलं होतं: समोर रिंग वाजली, लावणाऱ्यानेच बंद केला. हे पहिल्या दिवसापासून तिथं होतं. मी वाचलंच नव्हतं, कारण मला वरच्या ओळीसाठी आकडा हवा होता. आणि त्या आकड्यानं उलटंच सांगितलं होतं. ज्या नेटवर्कवर लोकांची भाषा नीट चालत होती ते नापास, आणि ज्यावर भरवसा नसल्यानं लोकांना फोन कानाला लावून ताटकळावं लागत होतं ते पास.

मिस कॉल काय मला माहीत नव्हता? लातुरात आई मला भाजी आणायची आठवण मिस कॉल देऊनच करायची. क्लास सुटला की आम्हीही घरी एक रिंग द्यायचो. म्हणजे मी परकी नव्हते. प्रयोगशाळेत खुर्चीवर बसले आणि परकी झाले. याचा राग मला अजूनही येतो.

नांदेडला परतले आणि सरांसमोर थप्पी ठेवली. सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

"नाही चालणार."

"का नाही चालणार? चूक उघड आहे."

"निकाल बघून झाल्यावर निकष बदलायचा नसतो. उद्या ज्याला जे सॉफ्टवेअर आवडेल ते तो असाच पास करून घेईल. आणि तुला वाडी हवी आहे. तुला हवा तोच अर्थ तू काढून आणलास, असं कुणीही म्हणेल. मी पण म्हणेन."

"म्हणजे लोकांचे फोन पोचत असताना ते नापास म्हणून छापायचं?"

"ओरडू नको. पत्रक नाही हे."

मला सर्वात जास्त राग या गोष्टीचा आला की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी बाहेर जाऊन चहा घेतला, परत आले आणि उभ्यानंच म्हटलं, "मग निकष आधी लिहू. तुमची सही, तारीख टाकून. परवानगीचे दिवस शिल्लक आहेत. परत मोजू."

"थोरलीलाही तेवढीच संधी द्यावी लागेल. जनरेटर परत वर जाईल."

"जाऊ दे. मी ढकलत नेते."

निकष आम्ही एका पानात लिहिला. वाडीतल्या प्रत्येक सिमवाल्याला एक वही. फोन लावणाऱ्यानं लिहायचं, मला काय सांगायचं होतं. ज्याला लावला त्यानं लिहायचं, मला काय कळलं. एकमेकांच्या वह्या बघायच्या नाहीत. दोन्ही जुळलं तर फोन पास, मग उचललेला असो की नसो. सरांनी सही केली आणि म्हणाले, "आता धाकटी पडली तर पडली. तक्रार करायची नाही." मी म्हटलं, "करणार नाही." मनात म्हटलं, करणारच.

त्या वह्या माझ्याकडं आहेत. आशाताई लिहायच्या, "मामाला एक रिंग. जीप पाहिजे." मामा लिहायचे, "बाईनं बोलवलं. निघालो." एकदा मामांनी लिहिलं, "दोन रिंगा. बाई घाईत. च्या टाकून दिला." थोरलीच्या दिवसांत घाईत रिंगच दिली की आशाताईंच्या वहीत "दोनदा दिला" असायचं आणि मामांच्या वहीत त्या वेळेला कोरी ओळ. धाकटीचे फोन जवळजवळ सगळे जुळले. एका ढगाळ आठवड्यात बॅटरी उतरली आणि दुपारभर धाकटी ठार बंद पडली, तेव्हा आशाताईंचे फोन खरोखरच गेले नाहीत. तेही मी तक्त्यात लिहिलं. न लिहायचा मोह झाला, पण लिहिलं.

पहिला तक्ता, चुकीची आज्ञावली, दुसरा तक्ता, असं सगळं मी धाकटी लिहिणाऱ्या लोकांना पाठवलं. ते कोण, कुठल्या देशातले, मला आजही नीट ठाऊक नाही. त्यांनी कबूल केलं की नोंदींचा असा अर्थ त्यांच्याही डोक्यात आला नव्हता, आणि "रिंग पोचली, लावणाऱ्याने बंद केला" असा वेगळा रकाना अहवालात घालून टाकला. बंद डबेवाल्या कंपनीला मी असं कळवलं असतं तर? त्यांनी वाडीचं नाव आणखी एकदा चुकीचं लिहिलं असतं.

मग प्रयोगाची परवानगी देणाऱ्यांची आढावा समिती आली. नांदेडच्याच सभागृहात बैठक. मी दोन्ही तक्ते पडद्यावर लावले. चुकीचा आधी. त्याच्या खाली लिहिलं होतं, तक्ता करणारी: मी. एक साहेब पुढं झुकले.

"मॅडम, एक सांगा. मिस कॉल ही काय सेवा आहे का? हा तर नेटवर्कचा गैरवापर. फोन बोलण्यासाठी असतो."

"साहेब, तुमच्या घराला बेल आहे?"

"आहे. त्याचं काय?"

"कुणी बेल वाजवली की तुम्ही दार उघडता. वाजवणाऱ्यानं बेलमधून भाषण केलं नाही म्हणून बेल बिघडली असं लिहून देता का?"

सरांनी खाली मान घातली. मला वाटलं, रागावले. नंतर कळलं, हसू दाबत होते. साहेब म्हणाले, "हे उदाहरण जरा..." मग सर स्वतः उठले. एरवी बैठकीत ते मोजकंच बोलतात. म्हणाले, "निकष आधी लिहिला, त्यावर माझी सही आहे, तारीख आहे. बॅटरी पडली ते लपवलेलं नाही. मी खांब वाडीतच ठेवायची शिफारस करतो."

शिफारस मंजूर झाली. सहा महिने मुदतवाढ, बॅटरी मोठी बसवायची अट. मी खूश व्हायला हवं होतं. पण इतिवृत्ताचा मसुदा हातात आला आणि त्यात लिहिलं होतं, "स्थानिक वापरकर्त्यांच्या अपारंपरिक सवयींमुळे." मी तिथंच हरकत घेतली. अपारंपरिक कुणासाठी? अख्खा मराठवाडा वर्षानुवर्षं असाच निरोप देतो. सवय लोकांची पक्की होती, मोजपट्टी आमची नवखी होती. शब्द बदला. साहेब म्हणाले, "एवढ्यातेवढ्यावर अडू नका हो, काम झालंय ना तुमचं." शब्द बदलला नाही. मग मी सहीच्या जागी "या शब्दाशी असहमत" असं लिहून त्याखाली सही केली. कारकुनानं विचारलं, "असं चालतं का?" मी म्हटलं, "आता चाललं."

ही बातमी वाडीला फोननं कळवता येत नव्हती. आमचं नेटवर्क बाहेर जोडलेलंच नाही, आणि मामांकरवी निरोप मला पाठवायचा नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी, पुन्हा जांब, पुन्हा पायवाट. आशाताई बाळांचं वजन करत होत्या. मी धापा टाकत सांगितलं, "खांब राहणार. सहा महिने."

त्यांनी काट्यावरचा आकडा लिहून घेतला, बाळ आईच्या हातात दिलं आणि मगच माझ्याकडं बघितलं.

"अन् सा महिन्यानं?"

"परत अर्ज करू. परत भांडू."

"भांडशील तर तू. त्यात काय शंका न्हाई." त्यांनी ओसरीवरून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हात केला. "तिकडं चार घरं हायत. त्यायला ह्या खांबाचं काहीच लागत न्हाई. तिथली एक पोरगी आठव्या महिन्यात हाय."

"परवानगी एकाच खांबाची आहे ताई."

"मंग मागून घे की दुसऱ्याची. का तेबी मीच शिकवू?"

एक कोरी वही पिशवीतच होती. मी ती चार घरं बघायला डोंगराच्या पलीकडं निघाले.